दूरच्या डोंगरावरचे साग

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच, आणि समितीतल्या ज्या मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून मी कितीतरी मोर्च्यांतून घरी परत आले, तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, म्हणजे तुमच्यावर माझा फार विश्वास आहे असं समजू नका. मित्राशी बोलावं तसं बोलते आहे, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात हे बाहेरच येत नाही. पण माझ्यावर माया करायला बसला असाल — तर उठा. मला ती नको. तुमच्यातल्या काहींनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मी विसरलेले नाही.

कुठून सुरू करू? पत्रकांपासून करते. माझी अक्षरओळखच पत्रकांवर झाली. बाबा दुर्गशेजारच्या मोठ्या पोलाद कारखान्यात क्लार्क होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे — हिंदीत, कारण वाचणारे खुर्सीपारच्या कामगार वस्तीतले, कुठून कुठून आलेले. घरात मात्र मराठी, तीही नागपूरकडची. देव्हाऱ्याखालच्या फळीत पूजेच्या वस्तू कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. ‘संघर्ष’ हा शब्द मला माझ्या स्वतःच्या नावाआधी लिहिता येत होता. पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा मी शाळेतच होते, आणि बाबांनी त्यातला एकच शब्द खोडला. म्हणाले, “पत्रकात ‘शायद’ लिहू नको, बेटा. ‘शायद’ वाचून कोनी घराबाहेर निंगत नाही.”

मी तो शब्द पुन्हा कधी लिहिला नाही. हा दोष बाबांवर ढकलते आहे का? नाही. त्यांनी एक शब्द खोडला होता. मी काय खोडलं ते पुढे येईल.

दुर्गच्या पलीकडे, जिथे शेतं संपतात आणि सागाचं जंगल सुरू होतं, तिथे एक स्पंज आयर्नचा, कोळशावर कच्चं लोखंड भाजून काढायचा कारखाना आहे. नाव घेत नाही — घेतलं तर पुन्हा त्याच्यावर बोलत बसेन आणि स्वतःवर बोलायचं राहील. त्याची काजळी तुम्ही पाहिली नसेल तर तुम्ही त्या बाजूला गेलाच नाहीत. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी, उन्हात घातलेल्या बड्या-सांडग्यांवर काजळी, तान्ह्या पोराच्या नाकात काजळी. हे सगळं खरं होतं. आजही आहे. मालकाला आणखी भट्ट्या बांधायच्या होत्या आणि त्यासाठी जनसुनवाई, म्हणजे गावासमोर सरकारी सुनावणी, ठरली होती. गावाला त्या भट्ट्या नको होत्या, कारखान्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या आमच्या समितीला नको होत्या, मला तर स्वप्नातही नको होत्या.

आणि कारखान्याच्या बाजूचं जंगल सुकत होतं. शेंडे उघडे पडलेले, फांद्या वरून मरत आलेल्या. कारखान्याने जंगल मारलं, असं सगळे म्हणत. डोळ्यांना तसंच दिसत होतं. पण सुनवाईत डोळ्यांचं कोण ऐकतं? तिथे कागद लागतो, शास्त्र लागतं. आणि शास्त्र माझ्या हातात होतं — कारण मी दुर्गच्या एका प्रयोगशाळेत सहायक होते आणि आमचं कामच झाडांची वर्तुळं वाचायचं होतं.

हे काम कसं चालतं ते सांगते. सांगितल्याशिवाय माझी करणी कळायची नाही. झाड तोडत नाहीत. एक पोकळ पोलादी गिरमिट असतं, दोन्ही हातांनी फिरवत ते खोडाच्या गाभ्यापर्यंत न्यायचं. साग कठीण, खांदे भरून येतात, गिरमिट कण्हल्यासारखं करकरतं. मग आतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी निघते. ती रसवंतीवाल्याकडून आणलेल्या स्ट्रॉमध्ये घालून आणायची, वाळवायची, खाचेच्या लाकडी पट्टीत चिकटवायची आणि पॉलिश पेपरने घासायची. मग वर्षं दिसतात. चांगल्या पावसाचं वर्ष रुंद, कोरडं वर्ष केसासारखं बारीक. झाड बोलत नाही, पण सगळं लिहून ठेवतं — असं एक वाक्य मी पत्रकात वापरलंही होतं. टाळीचं वाक्य होतं.

चिकटवताना एकच पथ्य. झाडात लाकडाचे तंतू उभे असतात, तसेच ते पट्टीतही उभे राहिले पाहिजेत. कांडी गोल असते, बोटांत सहज फिरते. जरा फिरली आणि तंतू आडवे पडले, तर घासल्यावर वर्तुळांच्या जागी नुसत्या पुसट रेघा उरतात. मोजताच येत नाहीत. म्हणून चिकटवायचं काम कांचनताई कोणाला करू देत नसे.

कांचनताई. हं. आता आले मी तिच्यापर्यंत.

ती माझ्याहून मोठी, पीएच.डी. करत होती, जंगलाचा हा सगळा अभ्यास तिचा होता. वडील रेल्वेत गार्ड होते, दुर्गच्या रेल्वे कॉलनीत घर, मूळचे नागपूरकडचे, म्हणून आमचं लगेच जमलं. प्रयोगशाळेत बाकी सगळे हिंदी बोलायचे, आम्ही दोघी मराठीत. गिरमिट कसं धरायचं, कांडी कशी वाचायची — सगळं तिने शिकवलं. रागवायचीही. “सुमे, हात झाडाचा हाय का तुहा? इतका जोर कोनाले दाखवून राहिली?” तिच्या घरी तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय काका, म्हणजे तिचे वडील, मला जाऊ देत नसत. मी नको म्हटलं की म्हणत, “क्रांती उपाशीपोटी होत नाही, बाई. बस.”

तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कारखान्याशेजारच्या झाडांवर भागायचं नाही. दूरचा डोंगरही घ्यायचा, जिथे काजळी पोचत नाही, वाराही उलटा वाहतो. तिथले साग ठणठणीत निघाले आणि इथले खंगलेले, तर कारखाना दोषी. तुलना नसेल तर पुरावा नाही. मला ते पटलं, आणि मी सुनवाईची वाटच पाहू लागले. दूरचा डोंगर आपली साक्ष देणार, असं मी समितीत जाहीरही करून टाकलं. कांडी निघायच्या आधी.

कळतंय ना कुठे चाललंय हे?

दूरच्या डोंगरावरच्या कांड्या आल्या. घासायच्या आधी ताईची सवय होती, कांडी ओली करून भिंगाखाली धरायची. तिने धरली. मग भिंग माझ्याकडे दिलं.

“पाय. इकडले बी बारीकच हायेत.”

मी पाहिलं. एक पाहिली, दुसरी पाहिली, सगळ्या पाहिल्या. बाहेरच्या बाजूची वर्तुळं — म्हणजे अलीकडची वर्षं — दाटीवाटीने एकमेकांना चिकटलेली. कारखान्याशेजारच्या झाडांसारखीच. आणि दोन्हीकडे ती कारखान्याची चिमणी उभी राहण्याच्या आधीपासून आकसत आलेली. धूर नसलेल्या डोंगरावरही साग तसाच उपाशी होता.

ताईला ते भयंकर वाटलं, पण तिच्या भयंकरात आणि माझ्या भयंकरात फरक होता. ती म्हणत होती, हे एका चिमणीचं काम नाही, ही उष्णता आहे, हा तुटक तुटक पाऊस आहे, हे अख्खं जंगलच खचतंय. हे कारखान्याहून मोठं आहे आणि लोकांना सांगितलंच पाहिजे. काजळीने माणसं खोकतात, तेही सांगू — ते खरंच आहे. पण जंगल फक्त कारखान्याने मारलं, असं वर्तुळं म्हणत नाहीत. कदाचित धुराने भर घातली असेल, ते वेगळं तपासावं लागेल.

कदाचित! तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सुनवाईत तू हे बोललीस तर मालकाचा वकील नाचेल. ती म्हणाली, “नाचू दे. मंग काय, खोटं सांगू? काऊन?”

मी कांड्या वाळत घालायला लागले. माझ्याजवळ उत्तर होतं. मला असा शत्रू हवा होता ज्याला फाटक असतं. फाटकासमोर धरणं धरता येतं, पुतळा जाळता येतो, पहारेकऱ्याला शिव्या देता येतात. तापत चाललेल्या हवेसमोर मी कुठे बसणार होते? पावसाच्या नावाने कसली घोषणा देणार होते? आमची काजळीची बाजू खरी होती, तेवढीच पुरे होती. पण मला पुरं नको होतं. मला सगळं हवं होतं.

त्यानंतर ताई चुलतभावाच्या लग्नाला नागपूरला गेली. कांड्या वाळत ठेवल्या होत्या, परत आल्यावर ती चिकटवणार होती. दुपारी प्रयोगशाळेत मी एकटी. कूलर घरघरत होता.

मी चिकटवल्या. सगळ्या. एकेक कांडी बोटांत फिरवून, तंतू बरोबर आडवे करून.

इथे तुम्ही म्हणाल — आणि मीही स्वतःला कित्येकदा म्हटलं आहे — की नवशिकी होती, घाईत होती, चूक झाली असेल. होते अशी चूक. म्हणूनच ताई नेहमी साधा पांढरा गोंद वापरायची. कांडी चुकली तर वाफेवर धरायची, गोंद सुटतो, कांडी फिरवून पुन्हा लावायची. तिच्या टेबलावर केटली त्यासाठीच असे. ती गोंदाची बाटली माझ्या हाताशी होती. मी ती बाजूला सारली आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, दोन नळ्या कालवून लावायची ती पक्की लुकण काढली. ती वाफेला सुटत नाही. कशालाच सुटत नाही. आदल्या संध्याकाळी मी ती मुद्दाम जाऊन विकत आणली होती.

चूक माणूस आदल्या संध्याकाळी विकत आणतो का?

लुकण वाळल्यावर घासल्या. अर्ध्याहून जास्त घासल्या, मागे वळायला जागाच उरू नये म्हणून. लाकडाचा भुसा टेबलावर पडला होता, तो मी फडक्याने पुसून घेतला. सागाचा वास येत होता. चांगला वास असतो तो.

ताई आली ती हातात संत्रा बर्फीचा डबा घेऊन. डबा आधी माझ्या हातात दिला, मग टेबलाकडे वळली. पट्ट्या पाहिल्या. एक पट्टी उचलून केटलीच्या वाफेवर धरली, धरूनच राहिली. बोटं भाजली असतील तिची. मग विचारलं, “कोनता गोंद लावला हा?”

मी म्हटलं, संपला होता तो, म्हणून दुसरा लावला.

तिने टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. अर्धी भरलेली होती. मग माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी उलट ओरडले असते, मला ते येतं. ती एवढंच म्हणाली, “सुमे, तुले पटलं नव्हतं तर भांडायचं होतं ना माह्याशी.”

आता तरी थांबायचं ना मी? तुम्ही असता तर थांबला असता? खरं सांगा — नको, सांगू नका. मला तुमचा चांगुलपणा ऐकायचा नाही.

मला कळलं होतं की ताई बोलणार. कांड्या नसल्या तरी तिने भिंगातून पाहिलं होतं, आणि ती सुनवाईत उभी राहून तेच सांगणार. म्हणून तिने तोंड उघडायच्या आत मी पत्रक लिहिलं. लिहायला वेळच लागला नाही. इतकं सपाट, धारदार पत्रक माझ्या हातून ना आधी उतरलं, ना नंतर. मथळा होता — ‘जंगल की गवाही किसने मिटाई?’ दूरच्या डोंगराचे नमुने कारखान्याला फासावर चढवणार होते, ते प्रयोगशाळेतच नासवले गेले. चिकटवण्याचं काम एकाच व्यक्तीकडे असतं. आणि त्या व्यक्तीचा भाऊ त्याच कारखान्याच्या वजनकाट्यावर नुकताच नोकरीला लागला आहे. ‘जिसका भाई कंपनी के काँटे पर बैठा हो, वह जंगल को कैसे तौलेगी?’

हे वाक्य समितीत वाचलं गेलं तेव्हा लोक वा वा म्हणाले. मी खाली पाहिलं — लाजून नाही, अभिमानाने.

ते ‘फासावर चढवणार होते’ सोडलं, तर एकही शब्द धड खोटा नव्हता, पाहा. नमुने नासवले गेले होते. चिकटवण्याचं काम तिचंच असे. भाऊ खरंच काट्यावर होता, कारण त्याला दुसरीकडे कुठे नोकरी मिळाली नव्हती, आणि ही गोष्ट तिने मला पोह्यांच्या बशीवर, मैत्रीण म्हणून सांगितली होती. फक्त एक मधली गोष्ट मी लिहिली नाही. आमच्या विरुद्ध जाणारा पुरावा मी मारला, आणि आमच्या बाजूचा पुरावा मारल्याचा आळ तिच्यावर घेतला. उलगडून सांगितलं, की किती साधं आहे ते.

पत्रकं दुर्गात चिकटवायला मी स्वतः गेले. रेल्वे कॉलनीत तिच्या घराच्या भिंतीवर लावायचं कोणी सांगितलं नव्हतं. समितीतला एकजण तर म्हणाला, घरावर कशाला? मी म्हटलं, गद्दाराला घर नसतं. आणि खळ फासून लावलं.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही पुढच्या भिंतीला लागलो होतो, तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग आत गेले आणि स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन आले, पोहे परततात तेच. खरवडायला लागले. ओली खळ होती, कागद लोंबत निघत होता. खरवडता खरवडता त्यांची नजर माझ्यावर गेली, खळीची बादली माझ्याच हातात होती. म्हणाले, “बाई, तू? ये, आत ये. आमच्या भिंतीवर हे कोन लावून गेलं पाय.”

त्यांना कळलंच नाही. किंवा कळलं होतं आणि तरी त्यांनी मला आत बोलावलं. दोन्हीपैकी काय, ते मी ठरवू शकलेले नाही. मी बादली घेऊन निघून आले. आत गेले नाही.

सुनवाईत ताई उभी राहिली होती. हो, तरीही राहिली. तिने सांगितलं की दूरच्या डोंगरावरही वर्तुळं बारीक आहेत, तिने स्वतः पाहिली आहेत. मंडपातून आवाज आला, ‘दिखाओ!’ ती काय दाखवणार? मग ‘दलाल, दलाल’ सुरू झालं. पहिला आवाज माझा नव्हता. दुसरा होता. तिने माझ्या बाजूला बोट दाखवलं नाही, माझं नावही घेतलं नाही. तिच्यापाशी पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय ती बोलत नसे. मला ते माहीत होतं. मी त्याचाच हिशोब केला होता.

भट्ट्या अडल्या. आम्ही जिंकलो. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. बाबांनी ते पत्रक फळीवर सगळ्यात वर ठेवलं, आजही तिथेच आहे. काजळी थोडीही कमी झाली नाही, जुन्या भट्ट्या चालूच आहेत, पण नव्या आल्या नाहीत, आणि त्याचा आनंद मला तेव्हा झाला. आजही होतो. हे लपवलं तर ते आणखी एक खोटं होईल.

ताईच्या गाइडला गोंधळ नको होता. अभ्यास बंद केला गेला, गिरमिट ज्यांचं होतं त्यांना परत गेलं, जंगलात शिरायची परवानगी पुन्हा मिळाली नाही. तिची पीएच.डी. राहिली ती राहिलीच. तिचं कुटुंब दुर्ग सोडून नागपूरकडे गेलं. तिथे ती कुठल्यातरी क्लासमध्ये शिकवते, असं ऐकलं. दुर्गात अजूनही तिचं नाव निघालं की लोक म्हणतात, ती का, कंपनीवाली. आणि मी तिथे बसलेली असते. मी चहा पिते.

एवढंच असतं तर फक्त तिचं नुकसान झालं असतं. पण समितीने नंतर जंगलाचा विषयच सोडला. का नाही सोडणार? गुन्हेगार सापडला होता, हरला होता. मी मागच्या उन्हाळ्यात दूरच्या डोंगरावर गेले. आम्ही गिरमिट घातलेल्या सागांपैकी कितीतरी उभेच्या उभे वाळलेत. जिवंत आहेत त्यांच्यावरची आमची भोकं भरून आलीत, बोटाला नुसता उंचवटा लागतो. आजूबाजूला धूर नाही, चिमणी नाही. नुसतं ऊन. इतकी वर्षं कोणी या डोंगराकडे फिरकलं नाही, कारण इथलं जंगल ठणठणीत आहे असाच अर्थ निघेल असं मी छापलं होतं.

त्या पट्ट्यांतली एक माझ्या कपाटात आहे. मी ती अधूनमधून भिंगाखाली धरते. काहीच वाचता येत नाही. ते काम मी फार नीट केलं होतं.

ही पट्टी घेऊन मी नागपूरला गेलेले नाही. तिच्याकडे, काकांकडे गेलेले नाही. जाता आलं असतं, गाड्या रोज सुटतात.

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक हाक असते — चला, या, उठा. इथे ती नाही. कांचनने नमुने नासवले नव्हते, मी नासवले. दूरच्या डोंगरावरच्या सागांची वर्तुळं बारीक होती. मी ती पाहिली होती.